एका हातानं उघडनारं फाटक

मामा, हाललं न्हाई! नऊ पोरं हुती पलीकडं, मोजून नऊ, आन् सगळी मिळून ढकलत हुती, एक तर वरच्या दांडीला लोंबकळलं बी, पन तुमचं फाटक जागचं हाललं न्हाई! कालपास्नं मला ही गोष्ट सांगायची हाय आन् ज्येला सांगायची तो मानूसच ऱ्हायला न्हाई, म्हनून तुमालाच सांगते. छाती अजून धडधडती. भ्याले म्हनून न्हाई. म्हंजी भ्याले बी हुते, ते तुमाला म्हाईतच हाय, पन ही धडधड येगळी हाय.

आन् बघा, मी तुमाला 'मामा' म्हनून हाक मारली. तीन वर्सं झाली नांदायला, तुमी सासरे, मी सून, पन तोंडापुढं हाक मारली न्हाई कवा. सासऱ्याम्होरं सुनेनं उभं ऱ्हायचं न्हाई, बोलायचं न्हाई, तुमी ओट्यावर बसून लाकूड तासत असला की मी मागल्या दारानं जायचं. आदी काय सांगायचं असलं तर सासूच्या, आत्याबाईंच्या तोंडून. मग चिंगी झाली. तवापास्नं आपल्या दोघांच्या मधी चिंगी. सात म्हयन्याची पोर, बोटं चोखत बसायची, आन् आपन तिच्या डोक्यावरनं भांडायचो.

"चिंगे, तुझ्या आज्याला सांग, भाकरी वाढलीया."

"चिंगे, तुझ्या आयला सांग, कालच्यावानी करपली नसंल तर येतो."

ती काय सांगती! आज्याकडं बघून लाळ गाळायची, माझ्याकडं बघून हासायची. आन् निरोप पोचायचा.

फाटकाचा पैला दिवस आठवतोय का? न्हानीतल्या चुलीवर पान्याचा हंडा उकळत हुता. मी अंगनात शेन गोळा करत हुते. चिंगी नुकती रांगायला लागली हुती, बोळातनं रांगत रांगत न्हानीच्या दारात गेली, हात लांब केला. हंड्याला लागायला चार बोटं ऱ्हायली हुती. मी दारातनं बघितलं आन् मामा, माझे पाय उचललेच न्हाईत.  तुमी कुटनं आला काय म्हाईत, हातात लाकूड तासायचा वाकस तसाच, दुसऱ्या हातानं पोरीला काखंत मारलं आन् बाहीर घिऊन गेला. मी तशीच उभी. आत्याबाईंनी दोन शिव्या हासडल्या, "भाईर काय बघत बसलीस गं? तुजं लक्ष हाय कुटं?" त्येंचं बी बरोबर हुतं. तुमी मातूर ओट्यावरनं एवढंच म्हनाला, "चिंगे, तुझ्या आयला सांग, बसून घे म्हनावं. पानी पी म्हनावं."

आन् सांजच्याला तुमी दोरी घिऊन न्हानीच्या दाराचं माप घेत हुता.

त्या पैल्या फाटकाची काय तऱ्हा झाली! तुमी दाराच्या रुंदीएवढी दोरी घेतली, गाठ मारली, चार दिवस खपून बाभळीचं फाटक केलं. तवर दिवाळी आली आन् आत्याबाईंनी आन् मी सगळ्या भिताडांना पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. फाटक आनलं तर दारात शिरंना. दोन बोटं दार अरुंद झालं हुतं! तुमी तासलं. मग वर बसलं तर खाली फट, कारन खालच्या अंगाला भिताडाचं पोट आत गेल्यालं. खाली पाचर घातली तर वर वाकडं. चाळीस वर्सं लोकांच्या बैलगाड्या केल्यालं मानूस, आन् घरातलं एक दार ऐकंना. तुमी कपाळावर हात मारून म्हनाला, "चिंगे, तुझ्या आज्याच्या घरात चार दारं, आन् चारी चार मापाची. दाराला फाटक करू का फाटकाला दार हुडकू?"

खिळा ठोकला असता तर तवाच मिटलं असतं. पन आत्याबाई उंबऱ्यावर आडव्या बसल्या. "उंबऱ्याला खिळा? चौकटीला खिळा? लक्षुमी येती त्या वाटंनं, तिच्या पायात खिळा घालता? आन् घर हाय का कोंडवाडा हाय ह्यो? आमी न्हाई का पोरं वाढवली?"

 खिळा तुमाला बी नको हुता, मला कळलं हुतं. दसऱ्याला हत्यारं पुजताना आदी उंबऱ्याला हळद लावनारं मानूस तुमी. मी आतनं म्हनाले, "चिंगे, आज्याला सांग, त्या आडव्या पट्ट्या बी काढाव्या. पोर शिडीवानी चढंल." तुमी फनकारला. "सात म्हयन्याची पोर चढती व्हय? तुझी ताकफुंकी आय सपान बघती."

ताकफुंकी. ह्ये नाव तुमीच ठेवलं मला. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताक बी फुंकून पितं, तशी मी, पेल्यावर पेला फुंकनारी. मला लई लागायचं त्ये नाव. मला वाटायचं, तुमाला मी भित्री वाटते.

पन दुसऱ्या दिवशी बघते तर आडव्या पट्ट्या गेल्या, उभ्या आल्या. 

मग ती जूची गोष्ट. तुमी ओट्यावर कुनाचं तरी मोडल्यालं जू दुरुस्त करत हुता. जूला भोकं, भोकात शिवळ म्हंजी लाकडी खुंटी, बैल मोठा असला की शिवळ भाईरच्या भोकात, गोऱ्हा असला की आतल्या भोकात. तुमी शिवळ काढली, घातली, काढली, घातली. मग एकदम उठला. भाकरी तशीच ताटात. दोन दिवसांत दोन चौकटी झाल्या, एकमेकीला लागून सरकनाऱ्या, दांड्यांना गिरमिटानं दोन दोन बोटांवर भोकं, आन् भोकात दोन शिवळी. दार रुंद असू दे, अरुंद असू दे, भिताडाचं पोट असू दे, वरनं येगळं सरकवा, खालनं येगळं सरकवा, बसतंय! कडंला बेलापूरच्या बाजारातनं आनल्याली सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली म्हनून पोतेरा बी निघत न्हाई. आन् शेवटाला भिताड आन् दांडीच्या मधी एक पाचर, मोगरीनं ठोकली की फाटक पक्कं. खिळा न्हाई. उंबऱ्याला ओरखडा न्हाई.

तुमी त्ये न्हानीला लावलं, काढलं, चुलीच्या खोलीला लावलं, काढलं, बोळाला लावलं. म्हातारं मानूस, आन् घरभर फाटक घिऊन पळत हुतं! मी दाराआड पदर तोंडात कोंबून हासत हुते. आत्याबाई म्हनाल्या, "लगीन झालं तवा एवढा नाचला न्हाई." मग तुमी आनखी एक केलं, माजघराच्या दाराला. घरात दोन फाटकं झाली.

आन् तवाच आपलं भांडान लागलं. त्ये मिटलंच न्हाई.

मी म्हनाले, "चिंगे, आज्याला सांग, पाचर मोगरीनं ठोकायची आन् मोगरीनंच काढायची, ह्ये माझ्या कामाचं न्हाई. कडंवर घागर असती. एका हातानं उघडाया पायजे."

तुमी म्हनाला, "चिंगे, आयला सांग, जे एका हातानं उघडतं ते पोरगं बी उघडतं."

"मग बाईनं काय करायचं?"

"घागर खाली ठिवावी."

"आज्याला सांग, दीड कोसावरनं आनल्याली घागर खाली ठिवून परत कडंवर घ्यायला काय लागतं त्ये एकदा घिऊन बघावं म्हनावं."

तुमी हासला. चिंगी बी हासली, तुमी हासला म्हनून.

मामा, एक गोष्ट तुमाला म्हाईत न्हाई. तुमी घिऊन बघितली हुती. मी चुलीच्या खोलीत हुते, तुमाला वाटलं कोन न्हाई. तुमी भरल्याली घागर बायकांवानी कडंवर घेतली, वाकडं झाला, एका हातानं मोगरी उचलली, पाचरीवर मारली, आन् घागर कलंडली. त्या दुष्काळात! निम्मं पानी माजघरात. मग तुमी इकडं तिकडं बघितलं, घागर जाग्यावर ठिवली, आन् आत्याबाई आल्यावर म्हनाला, "कुत्रं शिरलं हुतं घरात." आत्याबाईंनी त्या कुत्र्याला दोन दिवस शिव्या दिल्या. मी काय बोलले न्हाई. बोलाया पायजे हुतं का? मला वाटलं, बोलले तर तुमी परत घ्यायचा न्हाई कवा घागर. आता वाटतंय, बोलले असते तर आपन दोघं हासलो असतो.

मग दुष्काळी कामं निघाली. मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडाया जाऊ लागले. आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्येंना पोर दिसती ती नुस्ती सावलीवानी. चिंगीला तुमी संभाळायचा. माजघरात फाटकाच्या आत चिंगी, फाटकाच्या भाईर तुमी, हातात वाकस, आन् दिवसभर दोघांच्या गप्पा. मी परतले की तुमी म्हनायचा, "चिंगे, तुझ्या आयला सांग, आज पोरगी फाटक धरून उभी ऱ्हायली." तुमी ह्ये सांगताना पोरीकडं बघायचा, मी भिताडाकडं. पन एकेक सबूद कानात साठवून ठिवायची.

तुमी गेला त्या दिवसाचं जास्त बोलत न्हाई. एवढंच बोलते जे सांगायचं हाय.

तुमाला उचलायची येळ झाली. ओट्यावर मानसं, माजघरात बाया. हे, तुमचा ल्योक, कोपरगावाकडच्या कारखान्यावरनं आल्ते, चौघांनी खांदा दिला, आन् माजघराच्या दारात फाटक. कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं. कोनतरी ओढाया लागलं, फाटक निघंना. ह्यांनी लाथ मारली, निघंना. तुमी केल्यालं त्ये, असं निघतंय व्हय! भाईरनं आवाज आला, "कुऱ्हाड आना."

कुऱ्हाड म्हनल्यावर मला काय झालं कुनास ठाऊक. मी बायांतनं उठले, पदर कुटं गेला म्हाईत न्हाई, मोगरी हुडकली, आन् तुमच्या म्होरं यून उभी ऱ्हायले. पैल्यांदा, मामा. पैला घाव माझ्या बोटावर. दुसरा पाचरीवर, पन तिरका. तिसऱ्याला पाचर सुटली. तवर ती चार मानसं तुमाला खांद्यावर घिऊन उभी. मी दोनी हातांनी फाटक उचललं आन् बाजूला झाले.

तुमाला वाट द्यायला दोन हात लागले. मला सारखं तेच वाटत हुतं, रडताना बी तेच. एक हात पायजे हुता. मी बरोबर हुते, आन् ते सांगायला तुमीच नव्हता.

तेराव्यापतूर घरातनं पाय भाईर टाकला न्हाई. तेराव्याच्या आदल्या दिवशी मसाला कुटाया बसले. उखळाच्या तोंडाला तुमी लोखंडी कडं बसवलंय न्हवं, त्येच्यात मुसळ अडकलं. मी इकडं हालवलं, तिकडं हालवलं, जितकं हालवावं तितकं रुतत चाललं. रागानं सोडून दिलं. मग नुस्तं सरळ वर उपसलं, एका हातानं, तर टुकदिशी वर!

मामा, मी तशीच बसले. मुसळ हातात. आत्याबाई म्हनाल्या, "का गं, थांबलीस का?" मी परत मुसळ कड्यात घातलं, हालवलं, रुतलं. वर उपसलं, निघालं. परत घातलं. आत्याबाईंना वाटलं मला लागिर झालंया.

पाचर आडवी ठोकायचीच कशाला? उभी ठिवायची! वरनं सोडायची, आपल्याच भारानं खाली बसंल, आन् पोरं फाटक जितकं हालवतील तितकी आनखी खाली जाईल. काढायची तर वरनं उपसायची, मुसळावानी. बाईचा हात रोज त्येच तर करतोय! आन् चिंगीचा हात वर पोचत न्हाई.

पन वाकस कोनाचा? तुमचा. बाईनं सुताराच्या हत्याराला हात लावायचा न्हाई. तेरावं झालं, हे परत कारखान्यावर गेले. कामावर जायचं तर चिंगीला संगट न्यायची, आन् तिथली तऱ्हा मला म्हाईत हुती. पोरं ठिवायला एक पत्र्याचं छप्पर, म्होरला अंग सगळा उघडा, संभाळायला एक सखूबाई म्हातारी, आन् छपरापास्नं वीस पावलांवर चुना विझवायचा खड्डा. पांढरा दिसतो, पोरांना वाटतं दही हाय. आत शिजल्यावानी बुडबुडं येत्यात. मी डोळं मिटले की चिंगी त्या खड्ड्याकडं रांगत असायची.

दोन दिवस मी वाकसाभवती घिरट्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आत्याबाई चाचपत आल्या, कोनाड्यातनं वाकस काढला, फडक्यानं पुसला, आन् माझ्या म्होरं धरला.

"घे."

"आत्याबाई, पन..."

"पन न्हाई न् बिन न्हाई. हत्यार गंजलं तर त्यो वरनं मला शिव्या देईल. घे म्हनते न्हवं."

मी तासाया बसले. मला काय येतंय! तुमच्या हातात वाकस कसा गुमान चालायचा, माझ्या हातात उड्या मारतोय. पन आत्याबाई शेजारी बसल्या, आन् मामा, त्येंना दिसत न्हाई पन त्येंची बोटं बघतात! पाचरीवरनं बोट फिरवायच्या आन् म्हनायच्या, "हितं फुगीर हाय." "उतार बारीक ठेव. म्हातारा म्हनायचा, उतार मोटा झाला की पाचर उडती." चाळीस वर्सं तुमच्या शेजारी बसून त्येंनी सगळं ऐकलं हुतं, आन् आपल्याला वाटायचं त्या नुस्त्या भांडत्यात.

तवाच एक दिवस मी म्हनाले, "आत्याबाई, मी अशी भित्री, म्हनून ते मला ताकफुंकी म्हनायचे न्हवं?"

पाचरीवरचं बोट न उचलता त्या म्हनाल्या, "तुझ्या भावाचं आमाला म्हाईत हुतं, इंदे."

मामा, माझ्या हातातला वाकस खाली पडला. मी तुमाला ते कवा सांगितलं न्हाई. ह्यास्नी बी न्हाई. आमचा पाथर्डीकडचा कोरडा मुलूख, सुतारकाम मिळंना म्हनून आई-बा देवळालीकडं ऊस तोडाया यायचे. मला तिसरीतनं काढली, धाकट्या नाम्याला संभाळायला. उसाच्या पाल्याच्या कोपीला दार नसतंय. मी वाकळ झटकत हुते, तेवढ्यात नाम्या गुऱ्हाळाच्या पेटल्याल्या चुलवणाकडं गेला. त्यो वाचला न्हाई. मी आठ वर्सांची हुते. आमच्या घरात त्येचं नाव कोन घेत न्हाई.

आत्याबाई म्हनाल्या, "तुला बघाया आलो तवा तुझ्या बानं लपवलं न्हाई, सगळं सांगितलं. मी म्हनाले, जिच्या हातनं भाऊ गेला तिच्या हातात माझं घर देनार न्हाई. लई भांडले. तर त्यो म्हनतो कसा, 'मला ताक फुंकून पिनारीच सून पायजे. बाकीच्या पोरी दूध बी न बघता पित्यात.'"

मी लई रडले, मामा. लई. पन त्या रडन्यात दुख हुतं का आनखी काय हुतं त्ये मला सांगता येत न्हाई. तीन वर्सं मी एक गोष्ट पदराखाली झाकून फिरत हुते, आन् तुमी त्ये बघूनच मला घरात आनली हुती. तुमी न्हानीच्या दारातनं पोरीला उचललं तवा मला का बोलला न्हाई, 'पानी पी म्हनावं' का म्हनाला, त्ये मला आता कळलं. एकदा, नुस्तं एकदा, चिंगीच्या आडनं का हुईना, सांगायचं न्हवं तुमी!

ऱ्हाऊ द्या. पाचरीचं ऐका.

पाचर झाली. माजघरातल्या फाटकाला लावली. एका हातानं उपसली, निघाली! सोडली, बसली! मी आत्याबाईंना हात धरून आनलं, त्येंनी बी उपसून बघितली. आन् आमी दोघी एकमेकींना सांगत ऱ्हायलो तवर फाटक उघडं! चिंगी भाईर! ती खाली बसून पाचरीचं खालचं टोक, जे चार बोटं भाईर आलं हुतं, त्ये खालनं वर ढकलत हुती. ढकललं, पाचर वर, फाटक मोकळं. आन् बसून टाळ्या वाजवती.

जे एका हातानं उघडतं ते पोरगं बी उघडतं. मला तुमचा आवाज ऐकू आला, खरंच सांगते.  आत्याबाई म्हनाल्या, "बस झालं ह्ये, उद्या कामाला जाऊ नको." पन जायचं न्हाई तर खायचं काय?

मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, पाचरीच्या खालच्या टोकाला बुडासकट लांब टोपी केली, पाचर जितनं खाली निघती तितं दांडीला ठोकली. त्ये खिळे फाटकाला, उंबऱ्याला न्हाई, रागावू नका. आता खालनं बोट बी शिरत न्हाई. चिंगीनं तीन दिवस हुडकलं. खालनं, बाजूनं, दातानं. मग तिनं नाद सोडला आन् माझ्याकडं अशी बघितली, फाटक दारात शिरंना तवा तुमी बघितल्यावानी.

फाटक डोक्यावर घिऊन, चिंगीला कडंवर घिऊन मी कामावर गेले. मुकादम म्हनाला, "ओ बाई, हितं तलाव बांधायचाय, देव्हारा न्हाई." बाया हासल्या. छपराचं तोंड लई रुंद, फाटक शेवटच्या भोकापतूर ओढलं तरी पुरंना. मी रडकुंडीला आले. तर सखूबाई म्हातारी म्हनाली, "अगं, दगूड काय कमी हायेत का हितं? आपल्याच हातचे न्हवं?" आन् मामा, सगळ्या बाया उठल्या! जेवनाच्या सुट्टीत भाकरी तशीच ठिवून दोनी बाजूंनी दगूड रचला, मातीनं लिंपला, तोंड अरुंद केलं. मग मी शिवळी सरकवल्या. वर दोन भोकं आत, खाली तीन. पाचर सोडली. बसलं!

आन् काल सुरुंगाची शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळ्यांनी बांधाच्या आड जायचं, पोरांकडं पळायचं न्हाई, मधनं दगूड उडत्यात. छप्पर लांब हाय, तितं दगूड पोचत न्हाई, पन पोरं आवाजाला भिऊन आयांकडं पळत्यात. मधी चुन्याचा खड्डा. मागल्या येळंला सखूबाईनं एका पोराला काठावरनं पाय धरून ओढलं हुतं.

मी बांधाच्या आड बसले, कानात बोटं. मला आवाजाचं भ्या नव्हतं. मला वाटत हुतं, म्या तासल्याली पाचर, माझ्या हातनं झाल्याली, माझ्या हातनं आदी बी...

धडाड!

पोरं उठली, सगळी येकदम, रडत, वरडत, फाटकावर यून आदळली. मला बांधावरनं दिसत हुतं. नऊ पोरं. ढकलत्यात, हालवत्यात, एक लोंबकळतंय. आन् जितकं हालवत्यात तितकी पाचर खाली, खाली, खाली! मी वरडले, "हालवा रं! आनखी हालवा!" बाया माझ्याकडं बघाया लागल्या, हिला याड लागलं.

दुसरी शिट्टी झाली, सगळ्या पळालो. मी जाता जाता वाटंतली पान्याची घागर कडंवर घेतली. का घेतली? तुमच्यासाठी घेतली, मामा. घागर कडंवर, भरल्याली, आन् मी फाटकापाशी गेले, एका हातानं पाचर उपसली. एका हातानं! थेंब सांडला न्हाई! आन् तोंडातनं आपोआप निघालं, "चिंगे, तुझ्या आज्याला सांग, एका हातानं उघडलं!"

चिंगीनं रडं थांबवलं, फाटकाच्या दांडीवर हात आपटला आन् म्हनाली, "आजा."

आमाला घरी म्हाईतच हाय, ती फाटकालाच आजा म्हनती. दिवसभर आत ती, भाईर तुमी, मधी फाटक, तिला वाटलं ह्येलाच आजा म्हनत्यात. मी कवा सुधरवलं न्हाई.

मुकादम लांबनं बघत हुता. सांजच्याला मला म्हनाला, "बाई, पलीकडच्या छपराला बी असलं एक हुईल का? माप घिऊन जा." मी म्हनाले, "माप नको. माप सरकवता येतंय." तुमी आज असता तर हे बोलायची माझी छाती झाली नसती. आन् मागं तुमी नसता तर बोलायला काय नसतंच.

आज सकाळी पोरांना छपरात सोडलं. चिंगीचं ऐकून आता त्या समद्या पोरांना त्येच नाव लागलंय. नऊच्या नऊ फाटक धरून उभी ऱ्हात्यात आन् वरडत्यात, "आजा, आजा." मी खडीवर जाया निघाले तवा सखूबाईनं बी आतनं हाक दिली, "इंदे, आजा लावलास का गं नीट?"

मी पाचरीवर तळवा दाबून बघितला.

"लावलाय," म्हनाले. "तुमी बसा बिनघोर."